लाइट गेली की दोडप्पा पळायचे

सोलापूरच्या माणसापुढे उन्हाळ्याची तक्रार करू नये. तो तुमची कीव आल्यासारखं बघतो आणि म्हणतो, "ह्याला ऊन म्हंतात व्हय? ऊन आमच्या लहानपणी होतं." आता मीही त्याच वयाची झाले आहे. परवा दुपारी दही-भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन आडवी झाले होते. डोळा लागतो न लागतो तोच पंखा थांबला. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण त्यालाही माझ्यासारखंच जागं व्हायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मी उठून बसले होते आणि माझे डोळे दाराकडे गेले होते. चपला जागेवर आहेत ना? पंखा पुन्हा फिरू लागला. "आई, कुठं निघालात?" सुनेनं विचारलं. "कुठं नाही गं," म्हणून मी परत पडले. पण झोप काही आली नाही, दोडप्पा आले.

दोडप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या असत. नाती कानडीत, भांडणं मराठीत आणि देवाशी बोलणं दोन्हीत. दोडप्पा, त्यांची बायको दोडम्मा, त्यांची लेक शांताक्का, आणि आम्ही. पुढं घर, मागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये चादरींचे माग. सबंध बोळच मागांचा. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात ती खटखट शिरायची आणि झोपेपर्यंत राहायची. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या रात्री झोपत नसत. आम्ही बाहेरगावी गेलो की आम्हाला झोप येत नसे. बोळाला रंगवलेल्या सुताचा आणि खळीचा वास होता. आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं तर पाळण्यातल्या पोरालाही कळायचं. आवाज थांबला की तेही रडायला लागायचं.

सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा शांताक्काच्या लग्नाचा. त्याच्या आदल्या पावसाळ्यात शेडची मागची भिंत पडली होती. झड लागून राहिली होती, लाइट गेली, माग थांबले, आणि त्या शांततेत दोडप्पांना भिंत करकरलेली ऐकू आली. भिंतीकडेच्या मागावर इरण्णा होता. दोघं लंगोटीयार, एकाच दिवशी मागाचा धोटा हातात धरायला शिकलेले. भिंत अंगावर आली. दोडप्पांच्या खांद्याला चार ओरखडे आले आणि इरण्णा गेला.

भिंत पुन्हा बांधून झाली. खांद्याची जखम भरली. पण लाइट गेली आणि खटखट थांबली की दोडप्पा पळायचे. असतील तसे. अर्ध्या गालाला साबण, लुंगीचं टोक दातात, एकदा तर हातात भाकरीचा तुकडा आणि बोटाला आमटी. सरळ बोळाच्या टोकाच्या लिंबापर्यंत, म्हणजे कडुलिंबाच्या झाडापर्यंत. तिथं जाऊन उभे राहायचे, लटलट कापायचे, आणि थोड्या वेळानं खाली मान घालून परत यायचे. त्या उन्हाळ्यात लाइट जायची ती काय सांगून जात नव्हती. बोळातल्या पोरांना करमणूक झाली. लाइट गेली की मोठी माणसं "लाइट गेली" म्हणायची आणि पोरं "दोडप्पा गेले" म्हणायची. मला त्या पोरांच्या कानफटात वाजवावीशी वाटायची, आणि हसूही यायचं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा स्वतःचाच राग यायचा.

उपाय काय कमी झाले? मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या अशा सणकल्या की घरचे सगळे खोकत बाहेर पळाले, दोडप्पा तेवढे आत बसून राहिले. अक्कलकोटला जाऊन आले, अंगारा आणला. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाचींनी दर्ग्यातला ताईत आणून दिला. शेजारच्या तेलुगू आज्जीनं हळदीचा दोरा मनगटाला बांधला. सगळ्या देवांनी मिळून दोडप्पांचा गळा आणि मनगट भरून टाकलं, पाय मात्र कुणाच्या ताब्यात आले नाहीत. माझ्या वडिलांनी शेवटी दाराला आतून कडी घालायचा मार्ग काढला. त्या दिवशी दोडप्पा खिडकीतून गेले, जाताना दोडम्माच्या वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये पाय देऊन गेले. कुरडया मोडल्यावर मात्र दोडम्मानं वडिलांना जे ऐकवलं, त्यानंतर आमच्या घरात कडीला कुणी हात लावला नाही.

आणि शांताक्काचं लग्न ठरलं होतं. स्थळ अक्कलकोटच्या बाजूचं, माणसं मानापानाची. आजेसासरे तर असे की पंगतीत कुणाच्या पानात आधी मीठ वाढलं हेसुद्धा बघायचे. बापाला वेडाचे झटके येतात असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक मोडलीच म्हणून समजा. दोडप्पांनी एके दिवशी जेवताना जाहीर करून टाकलं, "मी लग्नाला न्हाय थांबत. वळसंगला शेतावर जाऊन बसतो. सांगा, आजारी हाय म्हणून."

शांताक्का भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मग मी बी येते वळसंगला. दोघं मिळून ज्वारी राखू."

"येडी हाईस का बे?"

"तुमचीच हाय की."

तव्यावरची भाकरी तेवढी फुगली.

ह्याच दिवसांत आमच्या भागात एक तरुण डॉक्टर आले होते. पुण्याकडचे, आडनाव लिमये. त्यांनी कुठल्याशा शिबिरात शिथिलीकरण नावाची विद्या शिकून घेतली होती. मनाचं दुखणं शरीरात जाऊन बसतं, म्हणून शरीर सैल सोडलं की मन सुटतं, असं ते सांगायचे. आज हे सगळेच सांगतात आणि त्याची फीही घेतात. तेव्हा मात्र लोक डॉक्टरांकडे संशयानं बघायचे, कारण ते सुई टोचत नव्हते. दोडम्मा म्हणाली, "एवढे द्येव केले, ह्यो एक डागदर बी करू." आणि दोडप्पांना घेऊन वर्गाला गेली. सोबत मी, कारण डॉक्टरांची पुणेरी मराठी दोडम्माला कुणीतरी समजावून सांगायला हवी होती.

वर्ग शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. सतरंज्यांवर बोळातले पाच-पंचवीस विणकर उताणे पडलेले. डॉक्टर मऊ आवाजात म्हणायचे, "कपाळ सैल सोडा. जबडा सैल सोडा." जबडा सैल सोडणं अवघड होतं, कारण निम्म्यांच्या गालात तंबाखू होती. ते एकेक जण उठून खिडकीपाशी जाऊन आले. "आता पोट सैल सोडा." एकानं ते इतक्या मनापासून सोडलं की आसपासच्या सतरंज्या लांब सरकल्या. डॉक्टर डगमगले नाहीत. "आता कल्पना करा, तुम्ही एका मोठ्या सरोवराच्या काठावर आहात. पाणीच पाणी..."

एक जण ताडकन उठून बसला. "पानी आलं? नळाला?"

क्षणात निम्मा हॉल उठून बसला. सोलापुरात मे महिन्यात पाण्याचं नाव असं हलक्या आवाजात घेऊ नये, हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार! दोघं घागरी मांडायला घरी निघूनही गेले.

बाकीच्यांना पुन्हा आडवं करून डॉक्टर म्हणाले, "आता फक्त शांतता. शांततेत विरघळून जा." आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली. शाळेमागच्या शेडमधले माग एका झटक्यात बंद पडले. अशी खरीखुरी शांतता डॉक्टरांना सोलापुरात पहिल्यांदाच मिळाली असावी. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेलं मी पाहिलं. पण सतरंज्यांवरचे सगळे डोळे टक्क उघडले होते. "कुणाची लाइट गेली?" "फ्यूज हाय का बघा." "काय झालं वो?" आणि दोडप्पा त्यांच्या सतरंजीवर नव्हतेच.

डॉक्टर त्यांच्या मागं पळाले. हे मला त्यांचं आजही आवडतं. बाकी कुणीही म्हातारा वेडा आहे म्हणून बसून राहिलं असतं. पायात बूट नव्हते, नुसते मोजे, तसेच पळाले. मी आणि दोडम्मा मागून गेलो तेव्हा दोघं लिंबाखाली उभे होते. दोडप्पा कापत होते आणि डॉक्टर कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते.

"इथंच का थांबता?" डॉक्टरांनी दम गोळा करून विचारलं.

"हितं आवाज येतो की." दोडप्पांनी पलीकडच्या बोळाकडे बोट केलं. तिकडची लाइट वेगळी होती. लांबून खटखट येत होती. "त्यो आला की बरं वाटतंय."

"त्या दिवशी... भिंत पडली त्या दिवशीही असेच पळालात?"

दोडम्मानं पदर तोंडाला लावला.

"न्हाय," दोडप्पा म्हणाले. "त्या दिशी कुटं हलले पाय? मला ऐकू आलं हुतं. इरण्णाला ‘पळ’ म्हनायचं हुतं. जीभ बी हलली न्हाय. पाय बी हलले न्हाईत." मग स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "आता हलत्यात, भाडखाव."

असलं वाक्य ऐकून काय करावं हे मला कळेना. मी रडले. मी रडले म्हणून दोडम्मा रडली आणि लिंबाखालच्या चहाच्या गाडीवाल्यानं न सांगताच चार चहा टाकले. डॉक्टर चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्यांना अडवू नका. जे पळणं तेव्हा राहून गेलं, ते पाय आता करतायत. करू द्या. पण एकटं पळू देऊ नका. कुणीतरी बरोबर हवं. आणि पाय जमिनीला लागतायत याकडे त्यांचं लक्ष जाऊ द्या."

मी कानडी-मराठीत समजावून सांगितलं. दोडम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "म्हंजे मी पळायचं व्हय आता, ह्या वयात?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराशी दोघांच्या चपला जोडीनं मांडलेल्या असायच्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. लाइट गेली की दोडप्पा उठायचे आणि दोडम्मा त्यांचा कोपर धरायची. "नडीरी," म्हणायची. म्हणजे कानडीत ‘चला’. दोडम्माचं वजन चांगलं होतं. एवढं वजन कोपराला लोंबकळत असताना कोण किती पळणार? शिवाय तिला रस्त्यात माणसं भेटायची. दोडप्पा तिकडे घामाघूम आणि ही भाजीवालीला विचारतेय, "शेपू कालचा हाय का आजचा?" दोडप्पा ओढ घ्यायचे, ती म्हणायची, "जमीन बगा की पायाखालची. कुटं पळून चाललीया ती?" आठवडे गेले. पळण्याची झाली झपझप चाल, चालीची झाली फेरी. पोरांची करमणूक बुडाली. लिंबाखाली चहाची गाडीवाली त्यांना बघून दोन पेले धुवायला घ्यायची... नाही, चुकले, गाडीवाला. गाडीवाली पुढं त्याची सून झाली. आठवणी अशाच एकमेकींच्या जागेवर बसतात.

पण हे सगळं दोडम्मा बरोबर असताना. एकदा ती विहिणीला भेटायला गेली होती आणि लाइट गेली, तेव्हा दोडप्पा पुन्हा पहिल्यासारखे सुटले. परत आले ते शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले. लग्नात दोडम्मा तर विधीत असणार, कोपर कोण धरणार?

लग्न आमच्याच बोळात, मांडव घालून. ऐन उन्हाळा. मांडवात भाड्याचे उभे पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते, लाउडस्पीकर ओरडत होता, आणि शेजारच्या शेडमधले माग चालू होते, कारण दोडप्पांसाठी वडिलांनी सगळ्यांना हात जोडून ते चालू ठेवायला सांगितले होते. चपलांचा ढीग मांडवाबाहेर. नवरा-नवरी पाटांवर समोरासमोर. लोकांच्या मुठीत अक्षता. दोडम्माच्या हातात पेटलेल्या दिव्यांचं ताट. लिमये डॉक्टर पहिल्या रांगेत. दोडप्पा नवा फेटा बांधून, शांताक्काच्या मागं, पाय जमिनीत रोवून उभे. मुहूर्ताला अगदी थोडा वेळ उरला होता.

लाइट गेली.

पंखे थांबले. लाउडस्पीकर मध्येच मेला. माग बंद पडले. पाहुण्यांना काहीच कळलं नाही, पण आमच्या सबंध बोळानं दोडप्पांच्या पायांकडे पाहिलं. दोडम्मा ताट घेऊन हलली, दिवे फडफडले, बायकांनी तिला धरलं. दोडप्पांचा फेटा वळला. पाय सुटले.

शांताक्का उठली. मुंडावळ्या बाजूला सारल्या, बापाच्या मागं धावली, त्यांचा कोपर पकडला आणि म्हणाली, "नडीरी, अप्पा." आणि बापलेक मांडवाबाहेर.

मांडवात कुजबुज झाली. आजेसासऱ्यांनी काठी आपटून माझ्या वडिलांना विचारलं, "हे काय वो? नवरी कुटं चालली?"

माझे वडील जन्मात खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, "आमच्यात अशी पद्धत हाय. अक्षता टाकायच्या आदी लिंबापतूर जायाचं."

मला वाटलं, संपलं. पण आजेसासऱ्यांना राग आला तो वेगळाच. "मग आमाला कुणी बोलावलं का न्हाय? आमी काय हितं बसून ऱ्हायाचं? ए, उठा रं समदी! मान घालिवता का?" नवरदेव उठला. त्याचे मामा उठले, आत्या उठल्या, सगळं वऱ्हाड उठलं आणि एकही विधी चुकू नये म्हणून अनवाणीच बाहेर पडलं. वऱ्हाड निघालेलं बघून बँडवाल्यांना वाटलं आपलीच वेळ झाली; त्यांनी तुताऱ्या तोंडाला लावल्या.

आता सोलापुरातली भर उन्हाळ्यातली दुपार, आणि तापलेल्या फरशा-दगडांचा बोळ. पहिलं पाऊल टाकताच आजेसासरे "अय्ययो" म्हणून उडाले. मग सगळेच पळाले. शालू सावरत बायका, धोतराचे सोगे धरून पुरुष, एका पायावर लंगडी घालत लिमये डॉक्टर, मागून घड्याळ बघत आणि "मुहूर्त! मुहूर्त!" ओरडत अय्या म्हणजे आमचे जंगम पुरोहित. कोण भीतीनं पळतंय आणि कोण पाय भाजले म्हणून, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं.

दोडप्पा लिंबाच्या सावलीत पोचले. मागं वळून बघतात तो सबंध लग्न आपल्या मागं पळत येतंय, बँडसकट. शांताक्का म्हणाली की त्यांनी आधी पायांखाली पाहिलं. तळवे भाजून लाल झाले होते. "आई गं, काय तापलीया जमीन," म्हणाले. आणि मग हसले. भिंत पडल्यापासून त्या माणसाचं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. पोट धरून हसले, लिंबाच्या बुंध्याला टेकून हसले, हसता हसता त्यांचा फेटा सुटला आणि त्यातच तोंड घालून ते रडायला लागले. "इरण्णा असायला पायजे हुता," एवढंच बोलले. जावयानं, म्हणजे अजून न झालेल्या जावयानं, काही न विचारता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात अय्या पोचले आणि वेळ झाली म्हणून त्यांनी तिथंच मंत्र म्हणायला घेतले. शांताक्काच्या अक्षता लिंबाखाली, चहाच्या गाडीशेजारी पडल्या. पलीकडच्या बोळातून खटखट येतच होती.

दोडप्पा पुढं पुष्कळ वर्षं जगले. लाइट गेली की दोघं लिंबापर्यंत जायचे, चहा प्यायचे, यायचे. बरे झाले का, असं विचारलं तर दोडम्मा म्हणायची, "बरे काय, चा प्यायला निमित्त झालं." लिमये डॉक्टरांनी वर्गातून शांतता काढून टाकली. ते वर्ग मागांच्या शेडशेजारी घेऊ लागले, आणि तिथं सगळे विणकर पहिल्या दोन मिनिटांत घोरायचे. विद्या सफल झाली म्हणायची.

गेल्या आठवड्यात शांताक्काच्या नातीचं लग्न झालं. मोठं लॉन, जनरेटर, थंड हवेच्या मशिनी. अक्षतांच्या आधी माइकवरून सांगितलं, "आता वधूपक्षाच्या परंपरेनुसार सर्वांनी लिंबापर्यंत चलावं." त्या लॉनमध्ये लिंब कुठला? गेटपाशी कुंडीत एक रोप आणून ठेवलं होतं, त्याला फुगे बांधले होते. सगळे नटलेले पाहुणे उठले, चपला काढल्या, आणि लाल गालिच्यावरून निघाले. एका पाहुणीनं तरुण पुरोहिताला कारण विचारलं, तर त्यांनी लिंबाचं शास्त्रातलं महत्त्व सांगितलं.

शांताक्काचे गुडघे आता बोलतात. ती माझ्या कानाशी आली. "अप्पा असते तर इचारलं असतं," म्हणाली, "लाइट तर हाय की, मग कुटं चाललाय समदी?"

मी हसले. तिनं माझा कोपर धरला. "नडी," म्हणाली, आणि आम्ही दोघी सावकाश निघालो.